हवालदाराच्या नावाची घागर

खानदेश मी कोळून प्यायलो आहे! हे वाक्य मी त्या काळी दिवसातून निदान चार वेळा म्हणत असे. समोर कोणी नसलं तर शाळेच्या फळ्याकडे बघून म्हणत असे.

मूळचा मी वाईचा. तापीकाठच्या या गावात मराठी शाळेचा मास्तर म्हणून येऊन मला तीन वर्षं झाली होती. शाळेच्याच एका कोपऱ्यात सरकारने टपालाची पेटी, तराजू आणि तारखेचा शिक्का ठेवून मला पोस्टमास्तरही करून टाकलं होतं. म्हणजे गावातल्या पोरांचं भविष्य आणि थोरांची पत्रं, दोन्ही माझ्या हातात! अशा माणसाला आपण सर्वज्ञ आहोत असं वाटू लागलं, तर त्यात त्याचा काय दोष?

भाषा? अहिराणी मला येत होती. म्हणजे ‘शे’ (आहे) आणि ‘नही’ (नाही) हे दोन शब्द पक्के येत होते, बाकीचं हातवाऱ्यांवर भागत होतं. खाणं? कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही मी ‘वा! वा!’ म्हणू शकत होतो. एवढ्या ज्ञानी माणसाच्या घरात बायको मात्र नव्हती. लग्नानंतर ती एकदा आली, अकरा दिवस राहिली, बाराव्या दिवशी म्हणाली, “अहो, हे ऊन नव्हे, ही भट्टी आहे!” आणि वाईला परत गेली. जाताना फणी-कुंकवाची फणेरपेटी विसरली. ती मी कोनाड्यात जपून ठेवली होती. दर आठवड्याला मी तिला पाकीट टाकत असे आणि दर उन्हाळ्याच्या सुटीत वाईला पळत असे. त्या वर्षी, लढाईच्या तिसऱ्या वर्षी, तेही जमणार नव्हतं. गाड्या सैनिकांनी भरलेल्या आणि टपाल सोडून हलायचं नाही असा वरून हुकूम.

अशात एके दिवशी दोधूअण्णा पत्र घेऊन आले. दोधूअण्णा म्हणजे गावातले मातब्बर शेतकरी. त्यांचा हिलाल माझ्या आधीच्या मास्तरांकडे शिकून पलटणीत गेला होता. आता तो समुद्रापलीकडच्या कुठल्याशा वाळवंटात होता.

“वाचा बरं, मास्तर,” दोधूअण्णा म्हणाले.

हिलालने लिहिलं होतं, की केरबा हवालदार नावाच्या साताऱ्याकडच्या माणसाने मला गोळ्यांच्या माऱ्यातून पाठीवर घालून आणलं. त्यांची बायको सरूबाई पुण्याकडच्या छावणीत राहते. आता त्या खोल्या नव्या पलटणीला हव्यात म्हणून बायकांना आपापल्या गावी जा म्हणतात. बाईंचं सासरचं घर प्लेगात बसलं, माहेरी सावत्र आई. तरी त्यांना आपल्याकडे ठेवून घ्या.

दोधूअण्णांनी पत्र परत घडी करून टोपीत ठेवलं. “मन्हा पोऱ्याले पाठवर आनं तेनी. खळाजवळनी खोली मोकळी शे. पन मास्तर, बाई परमुलुखनी. तिले आठे करमी का?”

“अण्णा, ते माझ्यावर सोपवा!” मी छातीवर हात मारला. “आठ दिवसांत बाईंना अस्सल खानदेशी करून सोडतो!”

लगेच मी सैनिक-कुटुंब स्वागत समिती स्थापन केली. अध्यक्ष मी, चिटणीस मी, सभासद दोधूअण्णा.

सरूबाई आली ती एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि गणवेशातल्या हवालदाराचा काचेचा फोटो घेऊन. पंचविशीची असेल. तिने तोंड उघडलं आणि “व्हय जी, मास्तर, लई लांब हाय वो ह्ये गाव,” असं म्हणाली, तेव्हा माझं स्वागताचं भाषण तिथेच राहिलं. तीन वर्षांत ती बोली कानावर पडली नव्हती. वाईच्या आठवडी बाजारात उभा असल्यासारखं वाटलं मला. गावाबाहेर पडलेल्या माणसाला कशाने भरून येईल याचा काही नेम नाही.

पण समितीचं काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात बोंब! हिलालची आई तापीबाई सरूसमोर पदर सावरून उभी राहायची, ‘बाईसाहेब’ म्हणायची आणि चार हात अंतर ठेवायची.

“हवालदारनी बाई ती!” तापीबाई मला हळूच म्हणाली. “आपली भाकर तिले चाली का, मास्तर?”

आणि सरू मला म्हणायची, “मास्तर, ही मोठ्या घरची मानसं. आपुन आश्रिताच्या जातीचं. जास्ती बोलाय भ्या वाटतंय.”

दोघी एकमेकींना भिऊन होत्या! एक ताट झाकून आणून ओट्यावर ठेवायची, दुसरी ते घासून पुसून परत नेऊन ठेवायची. दीड महिना हा कारभार चालला. माझी अहिराणीची शिकवणीही चालू होती, पण दोन शब्द शिकवून झाल्यावर मला पुढचं येईना.

सरूचं खरं लक्ष टपालावर असे. शहाद्याहून हलकारा आठवड्यातून दोनदा पिशवी घेऊन यायचा. त्या दिवशी ती शाळेच्या पायरीशी उभी. काही विचारायची नाही, नुसती पिशवीकडे बघायची. ती छावणीत असताना संक्रांतीआधी एक पत्र आलं होतं, तेवढंच. ते मी तिला इतक्यांदा वाचून दाखवलं होतं, की मलाच पाठ झालं होतं. ‘इकडे पाणी मापून मिळते. चहा आणि दाढी एकाच मगात उरकतो. आपल्या खोलीतली घागर सपनात येते, तीत वाळा टाकलेला असतो.’ त्यानंतर काही नाही. चैत्र संपत आला तरी काही नाही. पिशवी रिकामी झाली, की ती “बरं” म्हणायची आणि जायची. ते ‘बरं’ ऐकून मला दिवसभर शिकवायला सुचत नसे.

म्हणून मी ठरवलं, आखाजी दणक्यात करायची! अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात आणि तिच्यापुढे दिवाळीही फिकी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आता एक गोष्ट कबूल करायला हवी. खानदेश कोळून प्यायलेल्या मी आखाजी एकदाही बघितली नव्हती! दरवर्षी तोवर मी वाईला पोचलेला असे. मला दिसायची ती फक्त आधीची गडबड. कुंभार लाल घागरी घेऊन दारोदार फिरतोय, तापीच्या वाळूतली डांगरं गाड्या भरभरून येताहेत. डांगर म्हणजे खरबूज. उन्हाळा आला, नवी घागर घेतली, गार पाणी प्यायलं, वर गोड डांगर खाल्लं! किती शास्त्रशुद्ध सण, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तरी मी बेसावध नव्हतो. शेजारच्या भिकुबाईंना रीत विचारून घेतली.

“काय करस मास्तर, सोपं शे! घागर भरनी, वर डांगर ठेवनं, कुकू लावनं नि नाव लेवानं,” भिकुबाई म्हणाल्या.

मी तसंच लिहून घेतलं आणि समितीतर्फे एक घागर नि एक भलंमोठं डांगर सरूच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. सगळी रीत तिला समजावून सांगितली.

“आन् नाव कुनाचं घ्यायाचं, मास्तर?” तिने विचारलं.

हे मी भिकुबाईंना विचारलंच नव्हतं! पण मास्तरने ‘माहीत नाही’ म्हटल्याचं कोणी कधी ऐकलंय?

“ज्याची आठवण येते त्याचं!” मी म्हणालो.

तिचा चेहरा इतका उजळला, की मी परत जाताना शीळ घालत गेलो.

त्याच दिवशी आणखी एक भानगड झाली. हलकाऱ्याच्या पिशवीतून लाखेची मोहोर केलेला एक लांबलचक सरकारी लिफाफा निघाला. भिकुबाई तिथेच पोस्टकार्ड घ्यायला उभ्या.

“मास्तर, एवढा मोठा लिफाफा! कोनाना शे?”

खरं तर तो माझ्याच नावाचा होता. पण मोहोर बघून माझ्या अंगात आलं. मी तो कोटाच्या आतल्या खिशात घातला, वरून थोपटला आणि आवाज खाली आणून म्हणालो, “सरकारी आहे, भिकुबाई. गुप्त! सांगता येत नाही.”

आखाजीचा दिवस उजाडला. सुटी असूनही मी टपालाचे कागद आवरत बसलो होतो. बाहेर पोरींची गाणी चालली होती. दहाच्या सुमाराला ती एकाएकी थांबली. मग समोरच्या निंबावरचा झोका कुणीतरी सोडून गुंडाळला. मग पुरणाचा वास यायचा थांबला. गावातल्या चुली भर सणाला कशा काय विझल्या म्हणून मी बाहेर आलो, तर नवलसिंग पाटील डोक्यावरचा फेटा काखेत घेऊन माझ्याकडेच येत होते आणि त्यांच्यामागे पन्नासएक माणसं!

“मास्तर,” पाटील म्हणाले, “आम्ही काय परका शेत का? तार उनी नि तुम्ही सांगं नही?”

“कसली तार?”

“आते लपाडू नका! हवालदार गया. आखं गावले मालूम शे.”

“कोण म्हणतं?”

“घागर म्हनस!” भिकुबाई गर्दीतून पुढे आल्या. डोळे पुसत होत्या, पण सांगण्याचा उत्साह लपत नव्हता. “मी विहीरवर जाई ऱ्हायनू, तं खळाजवळनी खोलीना ओटावर घागर! वर डांगर, बाजूले नवराना फोटू, फोटूले कुकू नि मोगरानी माळ! नि बाई हात जोडीसन तेनं नाव लेई ऱ्हायनी! मास्तर, घागर कोनी भरतस? मरेल माणूसनी!”

आणि वाचकहो, अशा रीतीने, तीन वर्षं खानदेश पिऊन झाल्यावर, पन्नास लोकांच्या देखत मला कळलं, की आखाजीची घागर पितरांसाठी भरतात! गेलेल्या माणसांना वैशाखात तहान लागते, म्हणून त्यांच्या नावाने पाणी. आणि मी जिवंत हवालदाराच्या बायकोला सांगून आलो होतो, की ज्याची आठवण येते त्याचं नाव घे!

मी तोंड उघडलं, पण भिकुबाई कुठल्या थांबतात? “नि काल मी मन्हा डोयाघाई देखं! लाल मोहरना लिफाफा! मास्तरनी खिसामां घाला नि सांगं, गुप्त शे!”

पन्नास जोडी डोळे माझ्या कोटाच्या खिशावर आले. मी नकळत खिशावर हात ठेवला. तेच चुकलं! “देखा! देखा!” असा एकच कल्ला उठला. पाटलांनी तेवढ्यात शोकसभेचं भाषणही मनाशी जुळवलं असावं, कारण ते ‘आपल्या गावच्या पाहुण्या वीराने’ असं काहीतरी शुद्ध मराठीत पुटपुटत होते.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि दोधूअण्णा आले. ते ओरडले नाहीत. शाळेच्या पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघत म्हणाले, “मास्तर, मन्हा हिलाल तेनासंगे व्हता. तेनं काय लिखेल शे? सांगी टाका. मी तापीले काय सांगू?”

तोपर्यंत मला माझ्या फजितीचं हसूही येत होतं. ते तिथे संपलं. एका घागरीने मी त्या म्हाताऱ्याचा मुलगा मारून ठेवला होता.

“अण्णा, काही झालेलं नाही! तार नाही, पत्र नाही! चला, सरूकडे चला आधी!” असं म्हणत मी धावत सुटलो. माझ्यामागे अख्खं गाव धावलं. मास्तर पळतोय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, अशी उरलेल्यांचीही खात्री पटली.

खळ्यावर पोचलो तर उशीरच झाला होता. बायकांनी ओट्याभोवती गराडा घातला होता आणि तोंडाला पदर लावून रडणं सुरू झालं होतं. मधोमध सरू उभी. एका हातात पुरण घोटायची डाव, हाताला पीठ. ती एकीकडून दुसरीकडे बघत होती.

“काय झालं वो? का रडताय? कुनी तरी सांगा की!”

कोणी सांगेना. ज्या बाईने स्वतः घागर भरली, तिला काय सांगायचं? सगळ्यांना वाटत होतं, बातमी तिला माहीत आहे. आणि तिला वाटू लागलं होतं, की बातमी सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपल्याला नाही. तापीबाई भिंतीला धरून उभी होती. ती रडत नव्हती. ती सरूच्या तोंडाकडे बघत होती, जणू हिलालचंही तिथेच लिहिलेलं होतं.

मग सरूला मी दिसलो. धापा टाकणारा, पिशवीचा दिवस नसताना आलेला. आणि धावण्याच्या भरात खिशातला लिफाफा कधी हातात आला होता, हे मलाच कळलं नव्हतं.

डाव तिच्या हातातून पडली.

“मास्तर,” ती म्हणाली, “वाचा.”

“सरूबाई, हे ते नाही...”

“वाचा म्हनते न्हवं!”

“वाचा!” पाटील गरजले.

मी मोहोर फोडली. कालपासून मोठेपणाच्या नादात मी तो लिफाफा उघडलासुद्धा नव्हता! आत खरोखर काही भलतंच असलं तर, असा विचार मला तेव्हा आला. मी मोठ्याने वाचू लागलो.

“सर्व पोस्टमास्तरांस कळविण्यात येते की, लढाईमुळे सुतळीची टंचाई आहे. सबब टपालाच्या पिशवीची सुतळी यापुढे कापू नये. गाठ सोडवून सुतळी गुंडाळून परत पाठवावी.”

पाटलांनी फेटा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

“आन् फुडं?” सरूने विचारलं.

“पुढे सही आहे.”

“म्हंजी... सुतळीचंच हाय?”

“सुतळीचंच.”

ती मट्कन ओट्यावर बसली आणि हसू लागली. मग हसता हसता रडू लागली. रडत असताना मध्येच “सुतळी!” म्हणायची आणि परत हसायची. मलाही काय करावं कळेना, मी कागद उलटा करून बघितला.

भिकुबाईंना मात्र हे पटेना. “मंग ही घागर कोनानी शे?”

“त्यांचीच,” सरू डोळे पुसत म्हणाली. “तकडं वाळवंटात पानी मापून मिळतंय त्यास्नी. घागर सपनात येती म्हनून लिवलं व्हतं. मास्तर बोलले, ज्येची आठवन येती त्येचं नाव घ्या. म्या वाळा टाकून भरली. रस्त्याकडं तोंड करून ठिवली, म्हंजी येतील तवा पयली तीच दिसंल.”

हे मी जमेल तसं अहिराणीत सांगितलं. म्हणजे पाटलांनी सांगितलं, मी हातवारे केले. बायकांचे पदर तोंडावरून खाली आले आणि मग एकदम दुसरीच धास्ती उठली.

“वं माय! जित्ता माणूसनी घागर भरी!” भिकुबाईंनी कानांवर हात ठेवले. “आते कसं व्हई?”

सरूने हे मात्र न सांगता ओळखलं. तिने घागरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती नजर मी अजून विसरलो नाही. “मास्तर, म्या काय वंगाळ केलं का वो? त्यास्नी काय व्हईल का?”

उत्तर मला येत नव्हतं आणि पहिल्यांदाच मी ते येत असल्याचं सोंग केलं नाही.

तापीबाई भिंत सोडून पुढे आली. दीड महिना जी चार हात लांब उभी राहायची, ती ओट्यावर चढली. तिने डांगर उचलून भिकुबाईंच्या हातात दिलं, घागरीत तांब्या बुडवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, “जित्ता माणूसना नावनं पानी शे. ते जित्ता माणूसनीच पेवाले जोयजे!”

आणि ती घटाघटा प्यायली. मग तोच तांब्या भरून सरूपुढे धरला. “ले, बेटा, पे. तुन्हा नवराना नावनं पे. मन्हा हिलालना नावनं भी पे.”

सरू प्यायली. मग दोधूअण्णा, मग पाटील, मग ओळीने सगळं गाव. डांगर कापलं, फोडी वाटल्या. माझ्या हातातही तांब्या आला. वाळ्याचा वास असलेलं ते गार पाणी मी प्यायलो. वाईला कळलं असतं तर मला प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं, पण घागर रिकामी झाली तेव्हा सगळ्यांच्याच चेहऱ्यावर कुणाला तरी पाणी पाजून आल्यासारखं समाधान होतं.

“चाल आते घर,” तापीबाईने सरूचा हात धरला. “आखाजीले आंडेर माहेरले ऱ्हास. तू आठे एकली काब्रं बठनी?”

आंडेर म्हणजे लेक. हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. सरू त्याआधीच समजली होती, कारण ती फोटो उचलून निघालीसुद्धा! थोड्या वेळाने निंबाला झोका परत बांधला गेला आणि त्यावर आमची साताऱ्याची बाई उंच उंच जाताना दिसली. तिला गाणं येत नव्हतं, म्हणून ती नुसतीच हसत होती. मध्येच तिचा झोका रस्त्याच्या बाजूला गेला, की ती मान वळवून लांबवर बघून घ्यायची.

मी घरी आलो. घर नेहमीसारखंच रिकामं होतं. कुंभाराने मलाही एक घागर दिली होती, ती कोपऱ्यात पालथी पडली होती. मी ती भरली. वर डांगर ठेवलं. कोनाड्यातली फणेरपेटी काढून शेजारी ठेवली आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून, लाजत लाजत, बायकोचं नाव घेतलं. तांब्याभर पाणी प्यायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल कचेरीच्या बोलावण्यावरून शहाद्याला गेलो तो तीन दिवसांनी परत आलो.

आता तुम्ही म्हणाल, एकदा ठेच लागल्यावर गाव शहाणं झालं असेल. तसं ते झालंच होतं! भिकुबाई दुसऱ्या दिवशी ताक ठेवायला माझ्या घरात शिरल्या. घागर, डांगर आणि बाईची फणेरपेटी बघून त्यांनी अगदी बिनचूक विचार केला. सरूला आपली रीत ठाऊक नव्हती, म्हणून तिचं चुकलं. पण मास्तरला आता घागरीचा अर्थ पक्का माहीत आहे. तेव्हा ही घागर खरीच! बिचारा मास्तर, कोणाला काही न सांगता गावाबाहेर निघून गेला!

पाटलांचं भाषण वाया गेलंच होतं. ते त्यांनी पत्रात उतरवून माझ्या सासऱ्यांना पाठवलं. पत्ता सगळ्या गावाला तोंडपाठ होता. त्या लढाईच्या काळात महिना महिना पत्रं पोचत नसत, पण हे पत्र चौथ्या दिवशी वाईला पोचलं! मी परत आलो तेव्हा लोक मला बघून नुसते उसासे टाकत होते; मला वाटलं, ते सुतळीच्या फजितीबद्दल!

नवव्या दिवशी माझ्या दाराशी बैलांची दमणी थांबली आणि तीतून, अंगभर धूळ आणि डोळ्यांत आग घेऊन, सौभाग्यवती उतरल्या.

“मी मेले म्हणे! कधी? आणि मला कळवायची रीत नाही वाटतं तुमच्या खानदेशात?”

तिने आत येऊन घागर बघितली. शेजारी फणेरपेटी बघितली. मी सगळी हकीगत सांगितली, एकदाही थाप न मारता. ती बराच वेळ फणेरपेटीचं झाकण उघडझाप करत राहिली. मग तांब्या बुडवून पाणी प्यायली आणि म्हणाली, “पाणी बरं आहे हो इथलं.”

ती जी राहिली ती राहिलीच. ऊन तेवढंच होतं.

सरूला पत्र आलं ते ज्येष्ठात. पिशवीतून ते पाकीट निघालं तेव्हा सुतळी न कापता सोडवायची आहे हे मी साफ विसरलो होतो. पायरीवर सरू होती, आता तिच्याशेजारी तापीबाईही असे. अक्षर हिलालचं होतं, मधल्या दोन ओळी वरच्या साहेबांनी काळ्या केलेल्या. केरबा खुशाल, हिलाल खुशाल. पाणी अजून मापूनच. तापीबाईने वाचून होण्याआधीच पत्राला हात लावून तो कपाळाला लावला.

“कवाचं हाय, मास्तर?” सरूने विचारलं.

मी तारीख बघितली. सत्तावीस फेब्रुवारी. आखाजीच्याही पावणेदोन महिने आधीची! म्हणजे घागर भरली त्या दिवशी तो होता की नव्हता, आज आहे की नाही, यातलं काहीच त्या कागदाला माहीत नव्हतं. पण तापीबाई हसत होती. इतक्या महिन्यांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

“आखाजीच्या दिवसाचं!” मी म्हणालो.

सरू माझ्याकडे बघत राहिली. मग तापीबाईला म्हणाली, “ऐकलं का, माय? आखाजीचं शे!” आणि दोघी गेल्या. माझ्या खांद्यावरून बायकोनेही तारीख वाचली होती. ती एवढंच म्हणाली, “त्या बाईला मी वाचायला शिकवणार आहे.”

आणि तिने शिकवलं! रोज दुपारी, भट्टीत बसून. दिवाळीच्या आसपास एक दिवस सरू ते पत्र घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तोवर दुसरं पत्र आलेलं नव्हतं.

“मास्तर, फेब्रुवारीत आखाजी येती व्हय वो?”

मी शिक्क्याची शाई शोधू लागलो.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला तवाच कळलं व्हतं. तुमचं त्वांड वाचाय साळा लागत न्हाई. पन तापीमाय हसली व्हती न्हवं त्या दिशी, म्हनून गप ऱ्हायले.”

मग तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पहिलं पत्र पुढे केलं. पाकीट उघडंच होतं. पोस्टमास्तरने दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मास्तरने शुद्धलेखन तरी तपासावं की नाही? मी तपासलं. मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हितं माहेर गावलं हाय. काळजी करू नगा. घागर रोज भरते, सांच्याला समदी पितो, सकाळी परत भरते. तुमी या. हितलं मास्तर लई चांगलं हायेत. खोटं बोलत्यात, पन जमत न्हाई.’

शुद्धलेखनाच्या बारा चुका होत्या. मी एकही सुधारली नाही. पाकीट चिकटवलं आणि शिक्का मारला. शिक्क्यावरची तारीख मात्र दोनदा तपासून घातली.